माध्यम-ब्रँडचे सोल्डरिंग आयर्न घ्यावे का : फिक्सहबच्या निमित्ताने

दुरुस्तीची सचित्र मार्गदर्शने आणि बाजारात आलेला प्रत्येक नवा फोन पहिल्याच दिवशी उघडून दाखवण्याची पद्धत यांमुळे जगभर ओळखल्या जाणाऱ्या आयफिक्सिट या अमेरिकी संस्थेने सप्टेंबर 2024 मध्ये ‘फिक्सहब’ या नावाने स्वतःचे सोल्डरिंग आयर्न, म्हणजे सोल्डर हा मिश्रधातू वितळवून इलेक्ट्रॉनिक भाग जोडायचे तापते अवजार, विक्रीला आणले. नुसत्या आयर्नची किंमत सुमारे 80 डॉलर, तर बॅटरीवर चालणाऱ्या स्टेशनसह (आयर्नला वीज पुरवणाऱ्या आणि तापमान ठरवणाऱ्या संचासह) ते घेतल्यास सुमारे 250 डॉलर पडतात. त्याच्या दोन वर्षे आधी, 2022 मध्ये, लिनस टेक टिप्स या व्हिडिओ-वाहिनीने आपला रॅचेट स्क्रूड्रायव्हर 70 डॉलरला विकायला काढला होता. स्क्रूड्रायव्हर चालतो, तर सोल्डरिंगची अवजारे का नकोत, असा प्रश्न यानंतर कोणत्याही तांत्रिक माध्यमापुढे ओघानेच येतो. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. माध्यम-ब्रँडने, म्हणजे स्वतःच्या नावाने वस्तू विकणाऱ्या प्रसारमाध्यमाने, सोल्डरिंगचे साहित्य जरूर विकावे, आणि हिंमत असेल तर आयर्नही काढावे, पण त्या आयर्नचा बिट, म्हणजे जोडाला टेकवायचे आणि बदलता येणारे तापते टोक, फक्त आपल्याकडेच मिळेल अशी व्यवस्था करू नये. फिक्सहबच्या गुणदोषांची चर्चा करताना हे मत मी याच वस्तूवर तपासून पाहणार आहे, कारण या प्रकारच्या अवजारांत इतका गंभीर प्रयत्न दुसऱ्या कोणत्याही माध्यमाने केलेला माझ्या पाहण्यात नाही.

गुणांपासून सुरुवात करणे न्याय्य ठरेल, कारण ते बरेच आहेत. हे आयर्न यूएसबी-सीवर चालते आणि 100 वॅटपर्यंत शक्ती घेते, त्यामुळे बिट पाच सेकंदांच्या आत कामाच्या तापमानाला पोहोचतो. खाली पडले तर ते स्वतःहून गरम होणे थांबवते आणि काही काळ हात लागला नाही तर झोपी जाते. पेनाला असते तसे टोपण त्याला दिलेले आहे आणि ते बिट गरम असतानाही लावता येते. बाहेर जाऊन दुरुस्ती करणाऱ्याला याचे महत्त्व लगेच कळेल, कारण काम संपल्यावर आयर्न थंड होण्याची वाट पाहत बसणे हा त्या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग असतो. पकडीपासून बिटाच्या टोकापर्यंतचे अंतर कमी ठेवले आहे, ही मला त्याहूनही मोलाची गोष्ट वाटते. हे अंतर जितके कमी, तितकी टोकाची थरथर कमी. आयसीच्या (चिपच्या) बारीक पायांवर काम करताना बोटे टोकापासून दूर असली तर हात कितीही सरावलेला असो, दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल पडतोच. ज्यांनी वर्षानुवर्षे इतरांना दुरुस्ती शिकवली आणि नवशिक्याचा हात नेमका कोठे अडखळतो हे पाहिले, त्यांनीच हे अवजार आखले आहे, हे अशा तपशिलांवरून जाणवते. माध्यमाने अवजार बनवण्याच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद मला सुचत नाही.

खटकणारी पहिली गोष्ट तापमानाच्या नियंत्रणाची आहे. स्टेशन घेतले असेल तर त्यावर फिरवायची कळ आणि पडदा आहे, पण नुसते आयर्न घेणाऱ्याला तापमान बदलायचे असेल तर ते संगणकाला जोडून ब्राउझरमधल्या पानावरून बदलावे लागते. सोल्डरिंग करताना तापमान वारंवार बदलू नये हे खरेच, आणि नवशिक्याने एकाच तापमानावर हात बसवावा हा विचारही योग्य आहे. तरीही अवजाराची मूलभूत कळ अवजारावरच असली पाहिजे. ब्राउझर बदलतात, त्यांच्या सोयी बंद होतात, संस्थांची संकेतस्थळे नव्याने मांडली जातात. हातातले आयर्न मात्र पंधरा वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. ज्या संस्थेने कंपन्यांना वर्षानुवर्षे बजावले की ग्राहकाच्या वस्तूची चावी ग्राहकाच्याच हातात राहू द्या, तिच्या वस्तूला मी हा निकष जरा अधिक कठोरपणे लावतो.

दुसरी गोष्ट बिटाची आहे, आणि तिच्यापाशी जरा थांबणे आवश्यक आहे.

सोल्डरिंगचे चांगले-वाईट ठरते ते बिट आणि जोड यांच्या स्पर्शात. समजा, एखाद्या बोर्डावरचा तुटलेला यूएसबी सॉकेट बदलायचा आहे. त्याचे डेटाचे पाय बारीक असतात आणि सहज चिकटतात, पण त्याच्या पत्र्याच्या आवरणाचे पाय ग्राउंडच्या तांब्याच्या सलग थराला जोडलेले असतात आणि तो थर उष्णता ओढून घेतो. टोकदार, सुईसारखा बिट तेथे टेकवला तर सोल्डर वितळते खरे, पण ते पायाभोवती पसरण्याऐवजी गोळा होऊन बसते, त्याचा रंग मंद पडतो आणि वरून जोड झाल्यासारखा दिसत असला तरी आत ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, राहते. नवशिका अशा वेळी तापमान 350 वरून 420 अंशांवर नेतो. त्याने फ्लक्स (जोडाची जागा साफ करणारा पदार्थ) जळून काळा होतो, पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) सुटण्याची भीती वाढते आणि जोड तसाच राहतो. खरा उपाय म्हणजे छिन्नीसारखा किंवा तिरका कापलेला रुंद बिट घ्यावा, त्याची सपाट बाजू पॅड आणि पाय या दोहोंना एकाच वेळी टेकवावी आणि मधे सोल्डरचा एक थेंब ठेवावा, म्हणजे त्या थेंबातून उष्णता पलीकडे जाते. कथील-शिशाचे 63/37 सोल्डर 183 अंशांना वितळते आणि शिसेविरहित एसएसी305 साधारण 217 ते 220 अंशांना. म्हणजे 350 अंशांच्या बिटाकडे तापमानाचा साठा भरपूर असतो. अडते ते ती उष्णता जोडापर्यंत किती वेगाने पोहोचते आणि बिट थंडावल्यावर किती लवकर सावरतो यावर.

हे सारे बिटाच्या बांधणीवर अवलंबून असते. जुन्या पद्धतीत पोकळ बिट हीटरवर टोपीसारखा बसतो आणि मधल्या फटीत उष्णता अडकते. अलीकडच्या कार्ट्रिजमध्ये हीटर, तापमान मोजणारा संवेदक आणि टोक हे सर्व एकाच तुकड्यात असते, म्हणून तो चटकन तापतो आणि चटकन सावरतो. फिक्सहबचा बिट याच वर्गातला आहे. टोकाचा गाभा तांब्याचा असतो आणि त्यावर लोखंडाचा मुलामा असतो, कारण वितळलेली कथील तांब्याला हळूहळू खाऊन टाकते. मुलामा झिजला की बिट संपला. तो कानशीने घासून नवा करता येत नाही. शिसेविरहित सोल्डर हा मुलामा अधिक वेगाने झिजवते, आणि बिट कोरडा ठेवण्याची सवय असेल तर त्यावर गंज चढून सोल्डर धरणेच थांबते. तात्पर्य असे, की आयर्न एकदा घ्यायची वस्तू असली तरी बिट हा आयुष्यभर लागणारा खर्च आहे, आणि कामागणिक वेगळ्या आकाराचा बिट लागत असल्याने एकावर भागतही नाही.

म्हणूनच स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न यांची तुलना फसवी आहे. लिनसच्या स्क्रूड्रायव्हरची रॅचेटची मूळ रचना मेगाप्रो या कॅनडातल्या उत्पादकाच्या साहाय्याने घडली, आणि त्याचे बिट हे पाव इंच षट्कोनी मापाचे, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे आहेत. उद्या ती वाहिनी बंद पडली तरी त्या स्क्रूड्रायव्हरचे काही बिघडत नाही. आयर्नचे तसे नाही. जपानची हॅको, स्पेनची जेबीसी, अमेरिकेची वेलर या कंपन्या दशकानुदशके याच धंद्यात आहेत, आणि कारखान्यातला खरेदी-अधिकारी त्यांचे स्टेशन घेतो तेव्हा दहा वर्षांनीही त्याचे बिट मिळतील या भरवशावर घेतो. माध्यम-ब्रँड स्वतःच्या रचनेचा बिट काढतो तेव्हा तोही हेच वचन देत असतो, फक्त ते पाळण्याचा त्याचा अनुभव अजून सिद्ध व्हायचा असतो. माध्यमांचे उत्पन्न जाहिरातींच्या आणि प्रेक्षकसंख्येच्या लाटांवर वर-खाली होते. एखाद्या मंदीच्या वर्षी कमी खपणाऱ्या आकाराचे बिट बनवणे थांबवावेसे वाटले, तर ते कोण रोखणार?

फिक्सहबच्या बिटाची जोडणी हेडफोनच्या पिनेसारखी सुटसुटीत आहे आणि आयर्नमधून तो काढणे-घालणेही सोपे केले आहे, पण तो बिट फिक्सहबचाच आहे. याउलट पाइन64 या समूहाचे पाइनसिल हे आयर्न पाहा. ते फिक्सहबच्या जवळपास एक-तृतीयांश किमतीत मिळते, त्यात टीएस100 या आधीच्या आयर्नचे बिट बसतात, हे बिट अनेक उत्पादक बनवतात, आणि त्यातली आयर्नओएस ही आज्ञावली मुक्त असल्याने कोणालाही वाचता-बदलता येते. तापमानाच्या कळा आणि छोटा पडदा आयर्नवरच आहे. घडणीची सफाई, टोपण, पकड आणि तापण्याचा वेग यांत फिक्सहब वरचढ आहे यात शंका नाही, आणि टीएस100 जातीच्या लांब बिटांमुळे पाइनसिलची पकड टोकापासून दूर राहते हा त्याचा खरा उणेपणा आहे. पण पाइनसिलच्या बिटासाठी मी कोणा एकावर अवलंबून नाही, आणि दुरुस्तीच्या हक्कासाठी लढणाऱ्या संस्थेकडून माझी पहिली अपेक्षा नेमकी हीच होती.

यूएसबी-सीवर चालणाऱ्या सर्वच आयर्नबाबत आणखी एक मुद्दा खरेदीदाराने लक्षात ठेवावा. बहुतेक चार्जरना अर्थिंगची पिन नसते. त्यांच्यातल्या छोट्या कपॅसिटरमधून अत्यल्प विद्युतप्रवाह झिरपतो आणि बिटाचे टोक जमिनीच्या तुलनेत तरंगत्या व्होल्टेजवर राहते. धातूच्या लॅपटॉपवरून बोट फिरवताना जी बारीक झिणझिणी जाणवते, तिचे कारण हेच. साध्या कामाला त्याने फरक पडत नाही, पण नाजूक मॉसफेटवर (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर) किंवा अर्थ केलेल्या ऑसिलोस्कोपला (विद्युत संकेत पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाला) जोडलेल्या बोर्डावर काम करताना पडू शकतो. टीएस100 ला अर्थची तार जोडण्यासाठी वेगळा स्क्रू दिलेला होता तो याचसाठी. फिक्सहबचे बॅटरीचे स्टेशन चार्जरपासून सोडवून वापरले तर हा प्रश्न मुळातच उरत नाही, आणि 55 वॅट-तासांच्या त्या बॅटरीचा हा फायदा मला तिच्या सुवाह्यतेपेक्षा मोठा वाटतो. तसेच, 100 वॅट मिळण्यासाठी चार्जर तेवढ्या क्षमतेचा असून भागत नाही, केबलही 5 अँपिअरची लागते. कमी क्षमतेच्या केबलवर आयर्न चालेल, पण ग्राउंडच्या थरापाशी ते दमेल आणि दोष आयर्नला दिला जाईल.

आता हितसंबंधांचा प्रश्न. जो परीक्षण करतो त्यानेच विकावे का, ही शंका नवी नाही. ह्यूगो गर्न्सबॅक या प्रकाशकाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इलेक्ट्रो इंपोर्टिंग कंपनीमार्फत हौशी लोकांना बिनतारी संचाचे भाग विकले आणि 1908 मध्ये ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ हे मासिक काढले. दुकान आणि मासिक तेव्हापासूनच एका छताखाली नांदत आले आहेत. ‘एलेक्टर’ या इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकाने स्वतः छापलेल्या प्रकल्पांचे पीसीबी (भाग बसवायचे सर्किट-बोर्ड) वाचकांना विकले, आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही. वाटण्याचे कारणही नव्हते, कारण मासिकाने आराखडा पूर्ण छापलेला असे; ज्याला बोर्ड घ्यायचा नाही त्याने स्वतः कोरून घ्यावा. आराखडा उघडा असला की विक्री ही सोय ठरते, आणि तो झाकला की विक्री सक्ती होते. माझ्या मते हितसंबंधांच्या या सगळ्या वादात लक्षात ठेवण्याजोगा फरक एवढाच आहे.

आयफिक्सिटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तिच्या बाजूने सांगितली पाहिजे. 2003 मध्ये सुरू झाल्यापासून ती सुटे भाग आणि अवजारे विकतच आली आहे, मार्गदर्शने फुकट आणि उत्पन्न दुकानातून हे तिचे गणित कधीही लपलेले नव्हते. 2022 मध्ये तिने सॅमसंगशी भागीदारी करून त्या कंपनीचे अधिकृत सुटे भाग विकायला सुरुवात केली, आणि भाग महाग आहेत व दुरुस्ती खऱ्या अर्थाने परवडत नाही असे जाहीर कारण देऊन 2024 मध्ये ती संपवली. चालू भागीदारीतून असे बाहेर पडण्याची तयारी ज्या दुकानदाराने दाखवली, त्याच्या शब्दाला मी वजन देतो. सोल्डरिंग आयर्नच्या बाबतीत मात्र परीक्षा वेगळी आहे, कारण येथे स्पर्धक इतर आयर्न बनवणारे आहेत. उद्या तीनशे डॉलरच्या स्टेशनशी किंवा तीस डॉलरच्या पाइनसिलशी आपल्या आयर्नची तुलना तिने स्वतःच्या पानावर प्रामाणिकपणे मांडली, तर मी त्या वचनावर निःशंकपणे पैसे लावीन.

लिनस टेक टिप्ससारख्या निखळ माध्यमाचा मार्ग याहून अवघड आहे. 2022 मध्येच त्या वाहिनीने 250 डॉलरची पाठपिशवी विकली तेव्हा तिला लेखी वॉरंटी नव्हती, मालकाने ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ अशा अर्थाचे उत्तर दिले आणि टीका झाल्यावर लेखी धोरण आले. पिशवीचा बंद तुटला तर गैरसोय होते. 350 अंशांना तापणारे, 100 वॅट खेचणारे अवजार टेबलावर झोपायचे विसरले तर आग लागते. येथे लेखी वॉरंटी, सुरक्षेची प्रमाणपत्रे, परत मागवण्याची यंत्रणा आणि तक्रार ऐकणारा माणूस हे सर्व पहिल्या दिवसापासून जागेवर असावे लागते, आणि माध्यमाच्या लोकप्रियतेने यांतले काहीही भरून निघत नाही.

माध्यमाने नेमके काय विकावे, याचे उत्तर मला आयर्नपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंत अधिक दिसते. या क्षेत्रातले सर्वांत मोठे दुखणे नकली मालाचे आहे. हॅकोच्या बिटांच्या नकला सर्रास विकल्या जातात आणि ॲमटेकच्या नावाने मिळणारा फ्लक्स अस्सल असेलच असे नाही. वेष्टन हुबेहूब असते आणि सिरिंज पिळली की आत नुसते चिकट ग्रीस निघते, जे तापल्यावर धूर सोडते पण ऑक्साइड साफ करत नाही. नवशिक्याला वाटते की आपला हातच वाईट आहे. एखाद्या विश्वासू माध्यमाने चांगला फ्लक्स, मूळ उत्पादकाचे नाव वेष्टनावर ठेवून, बॅचची तपासणी करून विकला तर तो पहिल्या दिवशीच हजारो निराश हातांना वाचवील. तेच सोल्डर वायरचे, तेच तांब्याच्या विकचे (जादा सोल्डर शोषून घेणाऱ्या पट्टीचे) आणि तेच बारीक चिमट्यांचे. लिनसने मेगाप्रोचे नाव उघड सांगितले, तो पायंडा येथे पाळावा. कोणाकडून घेतले ते सांगा, का निवडले ते सांगा, आणि आपली नफ्याची भर घाला. त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

सरावाचा बोर्डही माध्यमानेच काढावा, आणि तो खरोखर शिकवणारा काढावा. बाजारातल्या सरावसंचांत सोप्या, सुटसुटीत पॅडांची रांग असते. प्रत्यक्ष दुरुस्तीत छळणारा ग्राउंडचा जाड थर त्यांत नसतोच. एका बाजूला साधा पॅड आणि शेजारीच सलग तांब्याला जोडलेला पॅड असा बोर्ड, सोबत त्यावर काय बिघडते आणि का बिघडते हे दाखवणारे चित्रीकरण, ही वस्तू हॅको किंवा जेबीसी कधी बनवणार नाहीत, कारण त्यांचा ग्राहक आधीच शिकलेला असतो. धूर ओढणाऱ्या पंख्याबाबतही तसेच. सोल्डरच्या धुरात या तापमानाला शिसे नसते, असतो तो राळेचा धूर, आणि त्याने दमा जडू शकतो. नुसता कार्बनचा स्पंज लावलेले स्वस्त पंखे त्यातले सूक्ष्म कण पुरेसे धरत नाहीत. कोणता पंखा खरोखर काम करतो हे मोजून दाखवायचे आणि मग तोच विकायचा, हे माध्यमाच्या स्वभावाला शोभणारे दुकान आहे.

मोजणे हाच येथे कळीचा शब्द आहे. माध्यमाकडे कॅमेरा, तापमापक आणि वाट पाहायला तयार असलेला वाचक असतो. तांब्याच्या एकाच मापाच्या पट्टीवर वेगवेगळी आयर्न टेकवून बिटाचे तापमान किती खाली येते आणि किती सेकंदांत सावरते, याची सारणी पद्धतीसह छापली, तर ती कोणत्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी पडेल. त्या सारणीत आपले आयर्न तिसऱ्या क्रमांकावर आले तरी ती छापण्याची तयारी असेल, तरच ते विकायला काढावे.

फिक्सहबविषयी माझा निर्णय त्यामुळे दोन भागांत आहे. स्टेशनसह घेणाऱ्याला, विशेषतः जागोजागी जाऊन दुरुस्ती करणाऱ्याला किंवा अर्थिंगची खात्री नसलेल्या ठिकाणी काम करणाऱ्याला, ते 250 डॉलरला योग्य आहे. मात्र खरेदीच्या वेळीच तिरका, छिन्नीचा आणि बारीक असे तीन बिट जास्तीचे घेऊन ठेवावेत. एकाच टेबलावर बसून काम करणाऱ्याने तेवढ्याच पैशांत प्रस्थापित कंपनीचे अर्थ केलेले स्टेशन घ्यावे. नुसते 80 डॉलरचे आयर्न घेऊन सुरुवात करू पाहणाऱ्याला मी तूर्त पाइनसिल सुचवीन आणि वाचलेले पैसे अस्सल फ्लक्स, चांगले सोल्डर व दोन रुंद बिट यांवर खर्च करायला सांगेन. आयफिक्सिटने बिटाच्या जोडणीचा आराखडा इतर उत्पादकांना खुला केला आणि तापमानाची कळ आयर्नवर आणली, तर हा सल्ला मी त्याच दिवशी बदलीन.